‘पण’ म्हणालो आणि थांबलो

माझी बायको गेली, त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी तिच्या उशाशी बसलो होतो. ती म्हणाली, "तुमच्या मनात काही राहिलंय का? असलं तर बोलून टाका." मी म्हणालो, "काही नाही गं." इतक्या चटकन म्हणालो की तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, आणि मग भिंतीकडे तोंड केलं. सारा जन्म जिच्याबरोबर काढला तिला जे सांगितलं नाही, ते आता तुमच्याजवळ बोलतोय. का? — ते विचारू नका. बोलून हलकं वाटेल असं मला वाटत नाही. उलट आत्ता, या चार ओळी लिहितानासुद्धा, पोटात तो जुना गोळा आलाच आहे.

त्या गोळ्याची आणि माझी ओळख बाहत्तर सालची. मुंबईची नोकरी सोडून मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात प्रोग्रामर म्हणून आलो, तेव्हाची. कारखान्याचं नाव सांगत नाही. जे झालं ते माझ्यामुळे झालं, कारखान्याचा त्यात काही दोष नाही.

तेव्हा कॉम्प्युटर हा शब्दच लोकांना नवा होता. कारखान्यात कॉम्प्युटर नव्हताच. होती ती पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची दोन यंत्रं. कुणाच्या शेतात ऊस किती, लागण म्हणजे लावणी कधीची, कारखाना किती लांब — ही सगळी माहिती शेतकी खात्याकडून यायची आणि कार्डांवर भोकांच्या रूपाने चढायची. दर आठवड्याला मी कार्डांच्या पेट्या जीपमध्ये घालून पुण्याला जायचो. तिथे एका कंपनीचं मशीन तासाच्या भाड्याने मिळायचं. त्यातून क्रम छापून यायचा — कोणत्या टोळीने कुठल्या शेतात कोयता लावायचा. कारखान्यात याला आधीपासूनच ‘तोडणीचा प्रोग्राम’ म्हणायचे. त्यामुळे मी प्रोग्राम लिहितो म्हटल्यावर शेतकऱ्यांना वाटायचं, कुणाचा ऊस कधी तुटणार ते हाच बाबा ठरवतो. रस्त्यात लांबूनच हात जोडायचे. आणि मला धडकी भरायची.

कशाची धडकी? सांगतो. मला तिथे अनुभवी माणूस म्हणून घेतलं होतं — आणि तो अनुभव माझा नव्हता.

म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. मुंबईच्या कंपनीत मी चार वर्षं काढली होती. कार्डं पंच करण्यापासून सुरुवात केली, मग असिस्टंट प्रोग्रामर झालो. पण माझ्या शेजारच्या टेबलावर मंदा निकम बसायची. गणितातली पदवीधर, माझ्याहून लहान, हसरी. गोदामातून कुठली लॉरी आधी भरायची, कुठली नंतर, याचा कंपनीतला सगळ्यात मोठा प्रोग्राम तिने लिहिला होता. मी काय केलं होतं? तिची कार्डं लावली होती. चुका निघाल्या की तिला दाखवल्या होत्या. कधी कधी एखादा तुकडा लिहिला होता, तोही तिने तपासून दिलेला. पुढे तिचं लग्न ठरलं, तिने नोकरी सोडली, आणि वर्षभर तो प्रोग्राम माझ्या नावावर चालला. कुणी मुद्दाम चढवला नाही. मीही उतरवला नाही.

कारखान्याच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, असला क्रम लावायचा प्रोग्राम पूर्वी केलाय का? मी म्हणालो, केलाय. मी एकट्यानेच केलाय. येताना तिच्या कार्डांची एक नक्कल ट्रंकेत घालून आणली होती. लॉरीच्या जागी शेत घातलं, गोदामाच्या जागी गव्हाण — कारखान्यात ऊस टाकतात ती जागा — घातली, आणि पहिल्याच महिन्यात ते चाललं. सगळे खूश. ऑफिस सुपरिंटेंडेंट तात्यांनी तर सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

तात्यांबद्दल सांगायला हवं. शेतकऱ्याच्या घरातले, कारकून म्हणून लागले आणि कष्टाने वर आलेले. बोलणं गावाकडचं, त्याची त्यांना लाज नव्हती. मोठा माणूस असो की गाडीवान, एकाच आवाजात बोलायचे. मला म्हणायचे, "वसंतराव, आपल्याला त्यातलं काय बी कळत न्हाई. पन तुमी हाय म्हनून आमी निवांत हाय." ते निवांत, आणि मी? मला दारावर टकटक झाली तरी दचकायला व्हायचं. कुणी सहज विचारलं, हे आतून चालतं कसं हो, तर मी विषय बदलायचो. कारण मला ते पुरतं कळत नव्हतं. कुठली कार्डं काय करतात हे माहीत होतं — ती तशी का आहेत हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या घरात राहावं, दिवे लावावेत, पाणी भरावं, पण भिंतीच्या आतून वायर कुठून गेली आहे ते ठाऊक नसावं, तसं. आणि ही भीती कुणाला सांगणार? अनुभवी माणसाला भीती वाटत नसते.

त्या वर्षी पावसाने पार दगा दिला. विहिरी आटल्या. ज्यांच्या विहिरीला पाणी नाही त्यांचा ऊस आधी तोडा, नाहीतर उभ्या उभ्या सरपण होईल, असा निर्णय झाला. बरोबरच होता. मला प्रोग्राममध्ये ती एक अट घालायची होती. तुम्हाला वाटेल, त्यात काय? मलाही तसंच वाटलं. घातली. पुण्याहून क्रम छापून आणला. टोळ्या कामाला लागल्या — पाथर्डीकडच्या, खर्ड्याकडच्या, बैलगाड्या घेऊन आलेल्या. आणि आठवड्याने एक म्हातारा शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"सायेब, शेजारच्याची तोड झाली. आमची कवा हाय?"

मी कागद चाळले. त्याचा गट, म्हणजे शेताचा नंबर, क्रमात नव्हताच. पुढे नाही, मागे नाही — कुठेच नाही. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. "मशिनीनं खाल्ला का काय आमचा ऊस?" असं म्हणून तो हसला. मीही हसलो. त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि दार लोटून सगळा क्रम तपासला. असे किती तरी गट गायब होते. म्हणजे किती तरी घरं. ऊस वाळतोय, घरात खायला काय आहे कुणास ठाऊक, आणि ती माणसं कारखान्याच्या भोंग्याकडे कान लावून बसलीत — त्यांची नावंच त्या कागदावर नाहीत!

मी काय करायला हवं होतं? तात्यांकडे जाऊन सांगायला हवं होतं, की हा प्रोग्राम मी लिहिलेला नाही, मला तो दुरुस्त करता येत नाही. पुण्याहून माणूस आणता आला असता. तेवढा वेळ होता. मी गेलो नाही. मी शेतकी खात्याला कळवलं की काही कार्डं खराब निघालीत, दोन-तीन दिवस कळ काढा. आणि रविवारी एस.टी. पकडून राहात्याला गेलो.

कारण मंदाचं सासर राहात्याला होतं.

तिचे यजमान हायस्कूलमध्ये शिक्षक. बोरुडे मास्तर. घराच्या मागे पेरूची बाग होती, त्या वर्षी तीही कशीबशी तग धरून होती. मास्तरांनी ओळखपाळख नसताना मला आत बसवलं. मी त्यांच्या बायकोला ‘मिस निकम’ म्हणालो तेव्हा खदखदून हसले. म्हणाले, "आता वहिनी म्हणा हो." ओसरीवर सासरे बसले होते, फेटा, हातात काठी. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं, काम विचारलं, आणि पुढे काही बोलले नाहीत. पण मी असेपर्यंत ते ओसरीवरून हलले नाहीत.

मंदा बाहेर आली. कडेवर मुलगी होती. मी प्रोग्रामचा छापील कागद पुढे केला. तिने मुलीला मास्तरांकडे दिलं, कागद चटईवर पसरला, दोन पानं उलटली — आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर माझंच आहे!"

मला वाटलं, संपलं. आता सासऱ्यांसमोर, मास्तरांसमोर ही बोलणार. पण तिच्या आवाजात राग नव्हता. आनंद होता! आपण शिवलेलं झबलं कुणाच्या तरी बाळाच्या अंगावर दिसावं, तसा. ती मास्तरांना म्हणाली, "बघितलंत का? माझा प्रोग्राम ऊस तोडतोय." मी म्हणालो, "हो वहिनी, तुमच्याच पद्धतीने केलंय मी." ‘मी’ म्हणालो. तिथेही.

चूक तिने चहा निवायच्या आत शोधली. मुंबईत दोन लॉऱ्यांना कधी एकच नंबर नसायचा, म्हणून तिने तशी सोय केलीच नव्हती. इथे मात्र दोन शेतांची लागण एकाच दिवशी झालेली असायची, विहीरही दोघांची आटलेली. दोघे बरोबरीत आले की प्रोग्राम एकाला ठेवायचा आणि दुसऱ्याला विसरायचा. तिने पेन्सिलने बाजूला चार ओळी लिहून दिल्या. आणि नुसत्या दिल्या नाहीत — समजावून दिल्या. का, कसं, सगळं. ती बोलत असताना पहिल्यांदाच माझ्या डोक्यात लख्ख पडलं की हा प्रोग्राम आतून चालतो कसा.

निघताना ती म्हणाली, "तिकडे काम वाढलं की सांगा. मी येईन. घरात बसून डोक्याला गंज चढलाय." मास्तर म्हणाले, "खरंच सांगा. क्वार्टर मिळत असेल तर मी कारखान्याच्या शाळेत बदलून घेईन. दादांनाही मी समजावेन." दादा म्हणजे त्यांचे वडील. ते ओसरीवरून हे सगळं ऐकत होते.

पुढच्या फेरीत सगळे गट जागेवर आले. काही शेतं वाळलीच, त्यांचं नुकसान ‘कार्डं खराब निघाली’ या खात्यावर गेलं. तो म्हातारा पुन्हा आला नाही. त्याचा ऊस वेळेत तुटला की नाही, हे मी विचारलं नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? दुसऱ्याच्या कामावर नाव मिळवलं, एक लपवाछपवी केली — असं जगात होतंच. नाही. मी अजून मुद्द्याला आलेलो नाही. मुद्द्याभोवती फिरतोय, तुम्हाला दिसतच असेल.

हंगाम संपता संपता कारखान्याने आणखी एका प्रोग्रामरची जागा काढली. काम खरंच वाढलं होतं. मंदाने अर्ज केला. मी तिला कळवलं नव्हतं, मास्तरांनी जाहिरात वाचली. ती मुलाखतीला आली, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. मास्तर बाहेर झाडाखाली मुलीला घेऊन बसले होते. मुलाखत तात्यांनी आणि मुख्य इंजिनिअरांनी घेतली. मला बोलावलं नव्हतं. मी माझ्या खोलीत बसून राहिलो. आत काय चाललं असेल? तिला विचारतील, मुंबईत तुम्ही काय केलं? ती सांगेल. खोटं कशाला सांगेल? आणि मग इंजिनिअर म्हणतील, अहो, हे तर वसंतरावांनी...

मुलाखत झाल्यावर ती मला भेटायला आली. चेहरा फुललेला. म्हणाली, "तात्या किती चांगले आहेत! आणि मी काही बोलले नाही हो तुमच्याबद्दल. आम्ही दोघं मिळून करायचो, एवढंच म्हणाले."

ऐकलंत? तिला सगळं कळलं होतं. माझी भीतीही कळली होती. आणि तिने मला सांभाळून घेतलं होतं. माणूस असतो तर मी तिथेच तिचे पाय धरले असते. पण तुम्हाला खरं सांगू, मला काय वाटलं? मला वाटलं, ही आता रोज समोर बसणार. रोज सांभाळून घेणार. एखाद्या दिवशी चिडेल, थकेल, नाहीतर सहज हसण्यावारी बोलून जाईल. आणि मी जन्मभर तिच्या चांगुलपणावर जगायचं. तिच्या रागाची मला भीती वाटली नसती इतकी त्या चांगुलपणाची वाटली.

दोन दिवसांनी तात्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सकाळची वेळ. खिडकीतून बाहेर गाड्यांची रांग दिसत होती, मळीचा वास येत होता. तात्या खुशीत होते.

"बाई हुशार हाय वसंतराव. इंजिनिअर सायेब बी लई खूश हायती. तुमी तीन वर्सं संगट काम केलंय. तुमी सांगा, बाई कशी हाय?"

मी म्हणालो, "कामाला उत्तम आहे. त्यात प्रश्नच नाही. पण..."

आणि थांबलो. खिडकीबाहेर पाहिलं.

"पन काय?"

मी काही बोललो नाही. नुसतं थोडं हसलो — अवघडल्यासारखं. "जाऊ द्या तात्या, जुन्या गोष्टी. लग्न झालंय आता तिचं."

तात्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते सरळ माणूस. कॉलनीत पन्नास कुटुंबं, पोरीबाळी. त्यांनी पुढे विचारलं नाही. "बरं बरं," म्हणाले, "कळलं. बरं झालं तुमी सांगितलं."

मी काय सांगितलं होतं? काहीच नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावलं — मी एक शब्दही खोटा बोललो नाही, तात्यांनीच भलता अर्थ काढला. तुम्हालाही आत्ता क्षणभर तसं वाटलं असेल. म्हणून आता उरलेलंही सांगतो. तो ‘पण’ माझ्या तोंडून घसरला नव्हता. मी तो आदल्या दिवशी पुण्याहून येताना जीपमध्ये ठरवला होता. आधी म्हटलं, सांगावं की कामात कच्ची आहे. मग वाटलं, ते तपासता येईल, परीक्षा घेतील, ती पास होईल. तब्येत बरी नसते म्हणावं? डॉक्टर तपासतील. बाईमाणसाबद्दल असं एकच आहे की जे कुणी तपासत नाही — आणि ज्याला पुरावा लागत नाही. ते मी शोधून काढलं. कुठे थांबायचं, कुठे बघायचं, हेसुद्धा मनात एकदा म्हणून पाहिलं होतं. मंदा निकमच्या चारित्र्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

जागा दुसऱ्याला गेली. नकाराचं पत्र गेलं तेवढ्यावर थांबलं असतं तरी... पण अशा गोष्टी थांबत नाहीत. कारखान्याचे सभासद राहात्याच्या बाजारात येतात-जातात. पंधरवड्याने बोरुडे मास्तर माझ्या क्वार्टरवर आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून जमिनीकडे बघत बोलले. कारखान्यातून कुणीतरी काहीतरी उठवलंय. दादांच्या कानावर गेलंय. दादा तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका तिला बोलवत नाहीत.

"माझा तिच्यावर विश्वास आहे," मास्तर म्हणाले. "पण दादांना माझं खरं वाटत नाही. म्हणतात, तू बायकोच्या बाजूनेच बोलणार. तुम्ही तीन वर्षं शेजारी काम केलंत. तुम्ही एकदा येऊन दादांना सांगा. तुमचं ते ऐकतील."

हे तुमच्या लक्षात येतंय का? — जगात एकच माणूस होता ज्याच्या शब्दाने ते पुसलं गेलं असतं, आणि तो मी होतो. आणि जाण्यात माझं काय जाणार होतं? जागा भरली गेली होती. तिची मला आता काही भीती उरली नव्हती. नुसतं जाऊन म्हणायचं होतं, दादा, पोर सोन्यासारखी आहे. मी मास्तरांना म्हणालो, "येतो रविवारी. नक्की येतो."

रविवारी निघालोही. धुतलेला शर्ट घातला, स्टँडवर गेलो. राहात्याची गाडी लागली, माणसं चढली. आणि मला वाटलं, दादांनी विचारलं तर — मग उठवलं कुणी? मी बोलताना माझा चेहरा बदलला तर? म्हातारी माणसं बरोबर ओळखतात. गाडी सुटली. मी पलीकडच्या नगरच्या गाडीत बसलो, बहिणीकडे गेलो, जेवलो, भाच्यांना गोळ्या दिल्या आणि परत आलो. मास्तर पुन्हा आले नाहीत. निरोपही आला नाही. त्यांनी समजून घेतलं असेल की मला जमलं नाही. ती माणसंच तशी होती.

पुढे? पुढे काही नाही. मी कारखान्यात टिकलो. राहात्याच्या चटईवर तिने जे समजावलं होतं त्यावर मी खरोखरचा प्रोग्रामर झालो. पुढे कारखान्याचं स्वतःचं मशीन आलं, माझ्या हाताखाली माणसं आली. पण भीती गेली नाही, तिने फक्त माणूस बदलला. आता मला तात्यांची भीती वाटायची. कधी बोलता बोलता ते कुणाला म्हणाले, मला वसंतरावांनी सांगितलं होतं, तर? त्यांच्यासोबत मी सणावाराला जेवलो, त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या, आणि सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे लक्ष. ते रिटायर झाले. मग एक दिवस, हृदयविकाराने, गेले. बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होतो. पहिला विचार काय आला असेल? — सुटलो. त्यांच्या दहाव्याला नदीवर मी उन्हात उभा होतो आणि मला इतकं मोकळं वाटत होतं की मीच घाबरलो.

हे सगळं एका बाजूला. आता शेवटचं सांगतो, जे मला सगळ्यात जड जातंय.

तात्या गेल्यानंतर चारेक वर्षांनी मी आणि बायको शिर्डीहून येत होतो. राहात्याला बायकोला पेरू घ्यायचे होते. बाजारात मागून हाक आली, "वसंतराव ना?" मंदा होती. केस पांढरे व्हायला लागलेले, हसू तेच. घरी न्यायचंच म्हणून हटून बसली. मी नाही म्हणायला निमित्त शोधत होतो, पण बायको कधीच तिच्याबरोबर चालायला लागली होती.

दादा वारले होते. शेवटपर्यंत त्यांनी तिच्याशी धरलेला अबोला सोडला नाही, हे मला मास्तरांनी सहज, हवापाण्यासारखं सांगितलं. शेवटच्या आजारात त्यांचं सगळं हिनेच केलं, तरीही नाही. तिने पुन्हा कुठे अर्ज केला नव्हता. मास्तर माझ्या बायकोला बाग दाखवायला घेऊन गेले. स्वयंपाकघरात मंदा आणि मी. ती चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"वसंतराव, तुम्ही तिथेच होता म्हणून विचारते. तेव्हा कोण बोललं असेल हो माझ्याबद्दल?"

आता सांगता आलं असतं. कुणी तिसरं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. ती ओरडली नसती, मला माहीत आहे — ती कधी ओरडली नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"तात्या. त्यांचा स्वभावच तसा होता."

तिचा हात थांबला. "तात्या?" ती म्हणाली. "किती आदराने बोलले होते माझ्याशी." तिने गाळणं झटकून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं."

तिने कप माझ्यापुढे ठेवला. आणि माझ्याकडे पाहून, अगदी मायेने म्हणाली, "तुम्ही मात्र माझ्यासाठी भांडला असाल त्यांच्याशी. हो ना?"

मी हो म्हणालो.

बशीत बिस्किटं होती. ती म्हणाली, घ्या ना. मी घेतलं, चहात बुडवून खाल्लं, आणि बायको बागेतून परत आल्यावर आम्ही निघालो.